उलटीचे दिवस मोजा: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर सात आठवड्यांनी परतलेली रुग्ण

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं नर्सिंग शिकवताना आपला बहुतेक वेळ पहिल्या ४८ तासांत जातो. नाडी, श्वास, टाक्यांच्या रेषेतून होणारी गळती, पायातल्या गुठळ्या. ते योग्यच आहे, कारण त्या तासांत माणूस दगावू शकतो. पण या प्रकरणातल्या रुग्णाचे ते तास सुरळीत गेले. बिघडलं ते घरी गेल्यावर, हळूहळू आणि सगळ्यांच्या देखत. प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, त्यातली रुग्ण म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. तरी बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात काम केलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

रुग्ण आणि शस्त्रक्रिया

स्त्री, वय ३४, शाळेत शिक्षिका. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४३.८. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, त्यासाठी रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. दारू किंवा तंबाखू कधीच नाही. हा शेवटचा तपशील एरवी चांगला. इथे त्यानेच सगळ्यांना चकवलं.

१९९१ पासून चालत आलेला निकष बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५, असा होता. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी तो ३५ वर आणला आणि चयापचयाचे आजार असतील तर ३० पासूनच विचार करायला सांगितलं. ही रुग्ण दोन्ही निकषांत बसत होती, त्यामुळे निवडीबद्दल वाद नव्हता.

शस्त्रक्रिया ठरली ती दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि उरतं ते नळीसारखं अरुंद जठर. आतड्यांची जोडणी बदलत नाही. ती बदलते ती जठराच्या बायपास शस्त्रक्रियेत. म्हणूनच ‘बायपासमध्ये जीवनसत्त्वं कमी पडतात, स्लीव्हमध्ये फारसं नाही’ असा समज पसरलेला आहे, रुग्णांत आणि खरं सांगायचं तर आपल्यातही. आतडी शाबूत असली तरी पोटात जे टिकतच नाही ते शोषलं जाणार कुठून?

भरती आणि पहिली रात्र

भरतीच्या वेळी दोन गोष्टी नीट झाल्या. पहिली रक्तदाबाची. नेहमीच्या कफने, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याने, १६८/९८ आला. दंडाचा घेर मोजला तर ४६ सेंटिमीटर. कफच्या आतल्या पिशवीची लांबी घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के लागते. ती कमी पडली की आकडा खोटा वर जातो. मोठा कफ लावल्यावर १३८/८६. त्या पहिल्या आकड्यावर कुणी गोळी वाढवली असती, तर ऑपरेशननंतर खाणं-पिणं घटल्यावर ती भोवलीच असती. त्यामुळे योग्य मापाचा कफ रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावून पलंगापाशीच ठेवला. नाहीतर पुढच्या शिफ्टला तो सापडत नाही आणि हाताशी असेल तो गुंडाळला जातो.

दुसरी औषधांची. मधुमेहासाठी ती मेटफॉर्मिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिन घेत होती. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं शस्त्रक्रियेच्या निदान ३ दिवस आधी थांबवावी लागतात. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठणं, होऊ शकतो. ‘गोळ्या बंद केल्या का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. परिचारिकेने एकेक गोळी दाखवून ‘ही शेवटची कधी घेतलीत?’ असं विचारलं, तेव्हा खरं उत्तर मिळालं.

वजन आडोशाला घेतलं, आकडा मोठ्याने वाचला नाही. हे सौजन्य म्हणून करायचं असतंच. शिवाय, ज्या रुग्णाला पहिल्याच दिवशी लाज वाटते ती नंतर अडचण सांगायला फोन करत नाही.

रात्र शांत गेली. डोक्याकडची बाजू ३० अंश वर, सीपॅप स्वतःच्या मास्कने, ऑक्सिजनवर सतत नजर, अफूजन्य वेदनाशामकं शक्य तितकी कमी, पायांना हवेच्या दाबाच्या पिशव्या, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन वेळेवर. ४ तासांनी तिला उभं केलं, रात्री वऱ्हांड्यात चालवलं. नाडी ९० ते १००. पोटावर जाड थर असला की आतली गळती पोट कडक होऊन कळेलच असं नसतं. सतत १२० च्या वर राहणारी नाडी, अस्वस्थपणा, खांद्यात कळ, वाढलेला श्वास हेच आधी बोलतात. यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी टिकलं आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं.

डिस्चार्जचा कागद

कागद नीटनेटका होता. दिवसाला निदान दीड लिटर द्रव घोट घोट, ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. चघळायची मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व, बी१२, लोह. लोह आणि कॅल्शियममध्ये २ तासांचं अंतर. डॅपाग्लिफ्लोझिन बंद, मेटफॉर्मिनचा डोस निम्मा, रक्तदाबाची एक गोळी चालू. सगळं तिच्याकडून परत म्हणवूनही घेतलं.

आणि शेवटी एक ओळ: ‘सुरुवातीला उलट्या होऊ शकतात, घाबरू नये.’

धीर देण्यासाठी लिहिलेल्या या ओळीचा नेमका उलटा परिणाम झाला. घाबरू नये म्हणजे किती दिवस घाबरू नये, हे कागदावर कुठेच नव्हतं.

घरचे आठवडे

पहिले अडीच आठवडे द्रव आहार उतरत होता. तिसऱ्या आठवड्यात मऊ अन्न सुरू झालं आणि उलट्या सुरू झाल्या. आधी दिवसातून एकदा, मग प्रत्येक खाण्यानंतर. चघळायच्या गोळीच्या वासाने मळमळ वाढते म्हणून तिने ती सोडली. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात तिने फोन केला. नोंदवहीत सल्ला लिहिलेला आहे: घास लहान घ्या, नीट चावा, सावकाश खा, जेवताना पाणी पिऊ नका. यातला एक शब्दही चूक नाही. ऑपरेशननंतर भरभर खाल्ल्याने उलटी होणारे रुग्ण भरपूर असतात आणि त्यांना हाच सल्ला पुरतो. पण तिला उलट्या होऊन तेव्हा एक आठवडा होत आला होता, आणि तो प्रश्न त्या संभाषणात आलाच नाही. फोनवर सल्ला द्यायचे आपले कागद बहुधा प्रश्न विचारण्यासाठी नसतातच. फोन लवकर आटोपावा याच बेताने ते लिहिलेले असतात.

दरम्यान वजन झपाझप उतरत होतं. शाळेतले सहकारी कौतुक करत होते, नातेवाईक फोटो मागत होते. ११२ चे ९० झाले, ७ आठवड्यांत २२ किलो. हा आकडा पाहून कुणालाही वाटावं की शस्त्रक्रिया फारच छान झाली. खरं तर हा वेग उपासमारीचा होता. पण वजनाचा काटा उतरला की चौकशी थांबते, घरातही आणि बाह्यरुग्ण विभागातही.

थायमिन म्हणजे बी१ याचा साठा शरीरात जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. पुरवठा तुटला तर तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. बी१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, लोहही महिनोन्महिने तग धरतं. सर्वांत लवकर रिकाम्या होणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी हे एक, आणि अपुरं पडलं तर फार महाग पडणारं. तिच्या उलट्यांना आता चार आठवडे होत होते.

आपत्कालीन विभागातून वॉर्डात

सातव्या आठवड्यात नवरा तिला घेऊन आला. तक्रार: अशक्तपणा, चक्कर, पाणीही टिकत नाही. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, ताप नाही, पोट मऊ. साखर ७८. पोटॅशियम २.९, मॅग्नेशियम १.३, दोन्ही कमी. लघवीत कीटोन. निदान लिहिलं गेलं: उलट्या व शरीरातलं पाणी कमी होणे. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज घातलेलं सलाईन लिहून दिलं आणि तिला वॉर्डात पाठवलं. रक्तदाबाची गोळी ती अजून घेत होती, त्यामुळे चक्कर येण्याचं कारणही आयतंच सापडलं. ते निदान खोटं नव्हतंच. त्यात अडचण अशी की ‘पाणी कमी झालंय’ म्हटलं की बाकीची सगळी लक्षणं त्याच खात्यात जमा होतात.

वॉर्डातल्या परिचारिकेला तीन गोष्टी खटकल्या. संमतीपत्रावर सही करताना रुग्णाने एक डोळा मिटला. बाथरूमकडे जाताना ती पाय फाकवून, भिंतीला हात लावून चालली, आणि हे पलंगावरून उठताक्षणी नव्हे तर चांगली दहा पावलं गेल्यावरही तसंच होतं. नुसता रक्तदाब उतरल्याने आलेली चक्कर अशी दिसत नाही. तिसरी म्हणजे ‘माझा फोन कुठे आहे?’ हे तिने थोड्या वेळात तीनदा विचारलं, फोन उशाशी असताना. नवरा म्हणाला, झोप झालेली नाही, म्हणून असं होतंय.

परिचारिकेने सलाईन जोडायचं थांबवलं आणि विचारायला बसली. पहिली उलटी कोणत्या आठवड्यात झाली? काल दिवसभरात काय टिकलं, अगदी पाण्याचे घोटसुद्धा? लघवी किती वेळा? जीवनसत्त्वाची शेवटची गोळी कधी? एकाचे दोन दिसतात का? पायांना मुंग्या येतात का? पाळी कधी आली होती? या शेवटच्या प्रश्नावर नवरा चमकला. पण पाळी येणाऱ्या वयातल्या स्त्रीच्या उलट्यांत तो विचारायलाच हवा. वजन उतरू लागल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते आणि उलट्यांमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. चाचणी निगेटिव्ह आली.

मग तिने बोट डोळ्यांसमोरून बाजूला नेलं. टोकाला डोळे थरथरले आणि उजवा डोळा पूर्ण बाहेर गेलाच नाही.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तिने फोनवर जे सांगितलं ते मी वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवते: “डॉक्टर, स्लीव्ह होऊन ७ आठवडे, त्यातले ४ आठवडे रोज उलट्या, मल्टीव्हिटॅमिन तेव्हापासून बंद. एकाचे दोन दिसतायत, डोळे थरथरतायत, पाय फाकवून चालतायत, तेच तेच विचारतायत. साखर ७८ आहे, डेक्स्ट्रोज लिहिलंय, अजून लावलेलं नाही. मला वेर्निकेची शंका येतेय. आधी शिरेतून थायमिन देऊ या का? तुम्ही येऊन बघाल?” लक्षणं, काळ, शंका, काय थांबवलंय आणि काय हवंय, हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. ‘पेशंट जरा बरी वाटत नाही’ असा फोन केला असता तर पलीकडून ‘सलाईन चालू करा, येतो’ असं उत्तर आलं असतं.

पलीकडून पहिला प्रश्न आला: दारूचा इतिहास? नाही. क्षणभर शांतता. वेर्निके एन्सेफॅलोपथी, म्हणजे थायमिन कमी पडून मेंदूला होणारी इजा, हा दारूचा आजार म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये ज्या तीन रुग्णांचं वर्णन केलं त्यातले दोन पुरुष दारूच्या आहारी गेलेले होते हे खरं. पण तिसरी होती एक तरुणी. सल्फ्युरिक अ‍ॅसिड पोटात गेल्यानंतर तिला उलट्यांनी पछाडलं होतं. उलट्या होणारी, दारू न पिणारी रुग्ण पहिल्या दिवसापासून या आजारात आहे, शिकवताना मात्र ती गळून पडते.

थायमिन आधी

पहिला डोस मिळण्याआधी रक्ताचा नमुना काढून ठेवला, रिपोर्टची वाट मात्र पाहिली नाही. तो यायला दिवस लागतात आणि मेंदूला तेवढी सवलत नसते. डोळे, चाल आणि मन या तिन्हीत एकदम बिघाड दिसतो तो थोड्याच रुग्णांत. शवविच्छेदनांवर आधारलेल्या एका जुन्या अभ्यासात तो सहापैकी जेमतेम एकात होता. त्यामुळे तिन्ही जुळायची वाट पाहणं म्हणजे बहुतेक रुग्ण हातचे घालवणं.

५०० मिलिग्रॅम थायमिन १०० मिलिलिटर सलाईनमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. पहिल्या डोसला परिचारिका शेजारीच थांबली, कारण क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. तोंडाने देण्यात अर्थ नव्हता. उलट्या बाजूला ठेवल्या तरी आतडं एका वेळी थोडंच थायमिन उचलतं.

डेक्स्ट्रोज का थांबवायचं, हे नवशिक्या मुलींना नेहमी सविस्तर सांगावं लागतं. ग्लुकोजपासून ऊर्जा काढणाऱ्या काही मुख्य विकरांना (एन्झाइम्सना) थायमिन लागतं. साठा संपत आलेला असताना ग्लुकोजचा लोंढा सोडला तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि हलकी लक्षणं गंभीर होऊ शकतात. पण हा नियम आंधळेपणाने पाळायचा नाही. साखर धोकादायक पातळीवर घसरली असेल तर ग्लुकोज ताबडतोब द्यायचं, आणि त्याच वेळी थायमिन. इथे साखर ७८ होती, म्हणून अर्धा तास थांबता आलं.

सोबत मॅग्नेशियम दिलं. ते कमी असेल तर थायमिन असूनही काम करत नाही. पोटॅशियम मॉनिटर लावून, सावकाश. हाताच्या शिरेतून ते आग करतं म्हणून सुईची जागा तासातासाला पाहिली.

पुढचे दिवस

नर्सिंगचं बरंचसं काम इथून पुढे होतं आणि ते दिसायला किरकोळ होतं. पडण्याचा धोका सर्वांत मोठा. पलंग खाली, घंटी हाताशी, एकटीने उठायचं नाही. पण हे तिला सांगून भागत नव्हतं, कारण सांगितलेलं ती विसरत होती. म्हणून दर दोन तासांनी कुणीतरी स्वतः विचारायचं, ‘बाथरूमला जायचंय का?’ एका डोळ्यावर आलटूनपालटून पट्टी, म्हणजे निदान दुहेरी दिसणं थांबे. समोरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत वार, तारीख, वॉर्ड आणि ‘नवरा संध्याकाळी येईल’. दर शिफ्टला तीच बोटाची चाचणी, तेच चार प्रश्न आणि चालीबद्दल एक वाक्य, शक्य तितक्या सारख्या शब्दांत, म्हणजे कालच्याशी तुलना करता येईल. हँडओव्हरमध्ये नुसतं ‘ओके’ लिहिलेलं परत पाठवलं जायचं.

दुसऱ्या दिवशी डोळा बाहेर वळू लागला. डोळ्यांची लक्षणं अशीच आधी सुटतात. चाल आठवडे घेते आणि स्मरणशक्तीचं काही सांगता येत नाही. नवऱ्याला हे तिसऱ्या दिवशी, डॉक्टरांसोबत बसून, असंच सांगितलं. त्याने विचारलं, “मी आधी आणायला हवं होतं का?” परिचारिका म्हणाली, “तुम्ही चौथ्या आठवड्यात फोन केला होता. तेव्हा आम्ही बोलवायला हवं होतं.” असं उत्तर देणारी माणसं वॉर्डात असावीत असं मला मनापासून वाटतं. ‘आता ते सोडा’ असं म्हणणं सोपं असतं.

उलट्यांचं कारण कॉन्ट्रास्ट तपासणीत, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव देऊन केलेल्या तपासणीत, सापडलं. नळीसारखं जठर मधल्या वळणापाशी आकसलं होतं, जिथे ते बहुधा आकसतं. क्षार जागेवर आल्यावर एंडोस्कोपीतून फुग्याने ती जागा रुंदावली आणि त्याच वेळी लहान आतड्यापर्यंत आहारनळी टाकली.

इथे आणखी एक खड्डा होता. इतके आठवडे उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न दिलं तर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचले जातात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. ९० किलोच्या माणसाला कुपोषित म्हणायला जीभ रेटत नाही, पण ती होती. आहारतज्ज्ञांनी दिवसाला किलोमागे १० किलोकॅलरीपेक्षा कमीवर सुरुवात केली आणि रोज रक्त तपासून वाढवत नेली. घरचे म्हणत होते, जरा जास्त द्या, अंगात ताकद येईल. त्यांना थोपवण्याचं काम अर्थातच नर्सिंगकडे आलं.

तीन दिवसांनी थायमिन रोज २५० मिलिग्रॅमवर आलं, नंतर तोंडाने. बाराव्या दिवशी ती वॉकर घेऊन घरी गेली.

कागदात झालेला बदल

‘घाबरू नये’ ही ओळ गेली. तिच्या जागी आलं: ‘सलग २ दिवस उलट्या झाल्या, किंवा जीवनसत्त्वाची गोळी ३ दिवस टिकली नाही, तर फोन करून थांबू नका, या.’ फोन घेणाऱ्यासाठी सल्ल्याच्या आधी प्रश्न छापले: उलट्यांचा हा कितवा दिवस, काय टिकतंय, लघवी, गोळ्या, नजर, चाल. दिवसातून किती वेळा हा प्रश्न मुद्दाम मागे ढकलला. दोनदा उलटी होणारी रुग्ण चार आठवड्यांत जितकी रिकामी होते, तितकी एका दिवसात दहादा उलटी होणारी होत नाही. आणि डॉक्टरांनी कायमचा आदेश लिहून दिला: बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेला रुग्ण उलट्यांसाठी भरती झाला की पहिल्या सलाईनच्या आधी किंवा त्यासोबत थायमिन, मग लक्षणं असोत वा नसोत. स्वस्त औषध, धोका नगण्य. यावर कुणी फार वाद घातला नाही.

तीन महिन्यांनी

फुग्याने रुंदावणं आणखी एकदा करावं लागलं, त्यानंतर उलट्या थांबल्या. वजन ८१ किलो, रक्तदाबाची गोळी बंद. वॉकर सुटला आहे, पण एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जातो. तळपायांना मुंग्या आहेत. बी१२ नॉर्मल आलं, तांब्याची पातळी मागवली आहे. शाळेत ती अर्धा दिवस जाते आणि मुलांची नावं आठवत नाहीत म्हणून हजेरीपट समोर ठेवते. थायमिन रोज १०० मिलिग्रॅम चालू. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर निदान १२ ते १८ महिने टाळायची, याबद्दल दोघांशी बोलणं झालं आहे आणि गोळ्यांऐवजी दुसरं साधन निवडलं आहे. पुढच्या भेटीत चाल, स्मरणाची चाचणी आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) पुन्हा पाहायचं आहे.